भैरूनं आबांना जेवायला नेलं

तुंबळवाडी नावाच्या गावात भैरू नावाचा एक भोळा जीपवाला राहत होता. भोळा म्हणजे किती भोळा, तर त्याला जे सांगाल ते तो करायचा. तेवढंच करायचा आणि अगदी तसंच करायचा. अशा माणसाइतका धोक्याचा माणूस दुसरा नसतो, पण हे गावाला फार उशिरा कळलं.

सोमवार ते शनिवार भैरू वडाप चालवायचा. वडाप म्हणजे जीपमध्ये मावतील त्याच्या दुप्पट माणसं भरायची आणि बाजाराच्या गावी नेऊन सोडायची. गाडी तो झकास चालवायचा. एकदा एक मास्तर शाळेपाशी उतरताना म्हणाले, "भैरू, जरा थांब हं." मास्तर पिशवी विसरले होते, ती घेऊन आत गेले आणि थांबायला सांगितलेलं विसरले. भैरू शाळा सुटेपर्यंत थांबला. जीपमधली माणसंही थांबली. त्यातला एकजण स्वतःच्या साखरपुड्याला निघाला होता.

याच गावात आबा मगदूम राहत. आबांना एकच नाद होता, खाण्याचा. त्यातही घरचं नाही आणि डांबरी रस्त्यावरच्या हॉटेलातलं तर मुळीच नाही. आबांचं म्हणणं असं, की खरी चव आडवाटेला असते. जिथं पाटी नाही, मेन्यूकार्ड नाही, जिथं चुलीवर भाकरी पडते आणि मालकीणबाई गिऱ्हाइकाला दटावून वाढते, अशा खानावळी शोधत आबा दर रविवारी रानोमाळ हिंडायचे. पण अलीकडे त्यांच्या गुडघ्यांनी संप केला होता. मोटारसायकलवर टांग टाकायची म्हटली की दोन माणसं लागायची, एक टांग उचलायला आणि एक आबांना धरायला.

आबांना शालन नावाची मुलगी होती. शालनला भैरू आवडायचा. तिचं कारण साधं होतं. तिच्या घरात आजवर कुणी कुणाचं ऐकलेलं तिनं पाहिलं नव्हतं, आणि हा एक माणूस ऐकायचा. भैरूला शालन आवडायची का, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं. शेवटी शालननंच विचारलं. "व्हय," भैरू म्हणाला. मग शालन म्हणाली, "जा आणि आबांना सांग." भैरू गेला आणि सांगितलं.

आबा गुडघ्याला तेल चोळत बसले होते. त्यांनी भैरूकडं बघितलं. मग भैरूच्या जीपकडं बघितलं. जीपकडं जरा जास्त वेळ बघितलं.

"निपाणीकडचं एक स्थळ दसऱ्याला बघायला येणार हाय," आबा म्हणाले. "दारात ट्रॅक्टर हाय त्यांच्या. पण तुला एक संधी देतो. दर रविवारी मला जीपनं आडवाटेला जेवायला न्यायचं. दसऱ्याच्या आत एकदा जरी असं जेवण मिळालं, की मला ताटावरनं उठवंना झालं, तर पोरगी तुझी. न्हाईतर ट्रॅक्टरवाल्याची."

"व्हय आबा," भैरू म्हणाला.

पहिल्या रविवारी आबा सकाळपासून चहावर राहिले आणि रिकाम्या पोटी जीपमध्ये येऊन बसले. शालन तेलाची बाटली घेऊन मागं बसली. गाव सुटल्यावर आबांनी धडा दिला.

"भैऱ्या, पाटी बघायची न्हाई. पाटी कुणालाबी रंगवता येती. गाड्या बघायच्या. जिथं गाड्या उभ्या असतील तिथं चव असती. जितक्या गाड्या जास्त, तितकी चव जास्त."

"व्हय आबा."

आबांना डुलकी लागली. कच्चा रस्ता होता, दोन्ही बाजूंना ऊस होता. वाटेत एक छपराची खानावळ लागली. चुलीचा धूर येत होता, भाकरी थापल्याचा आवाज येत होता. बाहेर दोन मोटारसायकली होत्या. "दोनच," भैरू म्हणाला आणि पुढं गेला. पुढं एका आंब्याखाली दुसरी खानावळ लागली. शालन म्हणाली, "भैरू, वास बघ कसला सुटलाय." पण तिथं एकच टेम्पो होता. भैरू थांबला नाही. मग एका वळणावर त्याला दोन ट्रक, तीन जीपा, एक ट्रॅक्टर आणि एक लग्नाची बस एकदम दिसली. भैरूनं करकचून ब्रेक मारला.

हातात पाना घेतलेला एक काळाकुट्ट माणूस बसखालून बाहेर आला.

"काय पायजे?"

"जेवायला काय हाय?" भैरूनं विचारलं.

"हितं?"

"चांगलंच असणार. एवढ्या गाड्या उभ्या हायत."

"ह्या बिघडल्यात सगळ्या."

भैरूनं आबांना गदागदा हलवलं. "आबा, उठा उठा! लई चव हाय हितं. खाऊन खाऊन गाड्यासुदिक बिघडल्यात!"

मिस्त्री देवमाणूस होता. त्यानं आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आबांना दिली. तिला डिझेलचा वास येत होता. आबांनी ती नाक धरून खाल्ली. घरी उतरताना मात्र भडकले.

"गाड्या न्हाई रं, माणसं बघायची! मांडी घालून जेवणारी माणसं! पंगत दिसली की गुमान जाऊन बसायचं. मालकाला नावाजायचं, म्हंजे पुन्हा आपल्याला वळखतो."

"व्हय आबा," भैरू म्हणाला.

पुढच्या रविवारी भैरूनं गाड्यांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ओढा ओलांडला, घाट चढला, एका वस्तीपाशी आला. तिथं दारात मांडव होता आणि मांडवात पंगत बसली होती. माणसं मांडी घालून जेवत होती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. जेवण इतकं चांगलं असणार की बोलायला फुरसत नाही, असं भैरूनं धरलं. त्यानं आबांना हाताला धरून उतरवलं आणि पंगतीच्या टोकाला बसवलं. शालनला बायकांच्या पंगतीत जागा मिळाली. कुणी काही विचारलं नाही. पत्रावळ आली, आमटी आली, वांगं आलं, बुंदी आली.

आबांनी बुंदी तोंडात टाकली आणि त्यांचा चेहरा उजळला. खरं सांगायचं तर तिथंच भैरूचं लग्न जमायचं. पण त्याला मालकाला नावाजायचं होतं. डोकं तुळतुळीत केलेला एक माणूस वाढत होता, त्याला भैरूनं हाक मारली.

"मालक, झकास जेवण! रोज असतंय का?"

"रोज कसं असंल?" तो माणूस म्हणाला. "आमचं वडील गेलं."

"कुठं गेलं?"

"वारलं. आज बारावं हाय त्यांचं."

"अरारा. मग आता ह्यो धंदा तुम्ही बघताय व्हय?"

आबांच्या घशात बुंदी अडकली. त्यांनी भैरूच्या मांडीला चिमटा काढला. भैरूला वाटलं, आबांना पुढचं विचारायचंय.

"पुढच्या रविवारी असंल का जेवण?" त्यानं विचारलं. "आम्ही लांबनं येतो."

"पुढच्या रविवारी? आता कोण हाय मरायला?"

भैरूनं आजूबाजूला बघितलं. ओसरीवर बाजेवर एक आजी खोकत पडली होती.

"ह्या आज्जीचं कसं काय?" भैरू म्हणाला.

त्यानंतर जे झालं ते सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, की त्या दिवशी आबांचे गुडघे साफ बरे झाले. मांडवापासून जीपपर्यंत ते सगळ्यांच्या पुढं होते. एक वहाण तिथंच राहिली. आजी मात्र खोकायची थांबून बाजेवर उठून बसली होती आणि भैरूला नीट बघून घेत होती.

परतीच्या वाटेवर आबा धापा टाकत म्हणाले, "गाढवा, अशा जागी हसायचं न्हाई! तोंड पाडून बसायचं, डोळ्याला रुमाल लावायचा. कुणी काय बोललं की म्हणायचं, लई वाईट झालं, देवापुढं कुणाचं चालतंय. एवढंच म्हणायचं! कळलं?"

"व्हय आबा."

भैरूनं बाजारातून एक मोठा रुमाल आणला.

तिसऱ्या रविवारी खरोखरच एक खानावळ सापडली, तीही शालनला. ओढ्याकाठी लिंबाच्या सावलीत एका बाईंनी नुकतीच चूल मांडली होती. त्यांचा तो दुसराच आठवडा होता. तरी आठ-दहा माणसं जेवत होती आणि बोटं चाटत होती. मटणाचं सुकं होतं, रस्सा होता, पाट्यावर वाटलेला हिरव्या मिरचीचा खर्डा होता. बाईंनी तीन ताटं आणून ठेवली आणि पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. नवीन माणसाला पहिल्या घासाची काळजी असते.

भैरूनं तोंड पाडलं. रुमाल काढला आणि डोळ्याला लावला.

"लई वाईट झालं," तो म्हणाला.

"काय वाईट झालं?" बाईंनी घाबरून विचारलं.

भैरूनं ताटाकडं बघून उसासा टाकला. "देवापुढं कुणाचं चालतंय?"

शेजारच्या माणसानं तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला. "का हो पाव्हणं? मटणात काय हाय काय?"

"लई वाईट झालं," भैरू म्हणाला. त्याला एवढंच म्हणायला सांगितलं होतं.

दुसरा माणूस उठला. तिसऱ्यानं पोटावरून हात फिरवला आणि त्याला पोटात काहीतरी होतंय असं वाटायला लागलं. चौथा ओढ्याकडं पळाला. घटकाभरात लिंबाखाली कुणी उरलं नाही. बाईंनी आधी ताटं उचलली आणि मग रश्शाची पळी उचलली. आबांनी ताटातला एक तुकडा तरी उचलायचा प्रयत्न केला होता. पळी त्याच हातावर बसली.

जीपमध्ये शालन तोंडाला पदर लावून बसली होती. ती रडत होती की हसत होती हे कळायला मार्ग नव्हता. आबा हातावर फुंकर घालत ओरडले.

"पुढ्यात काय आलं की आधी वा वा करायचं! काय हात हाय, म्हणायचं! अजून वाढा, म्हणायचं! वाढणाऱ्याला थांबू द्यायचं न्हाई! आता हे इसरलास तर बघ!"

"न्हाई इसरत आबा," भैरू म्हणाला, आणि विसरला नाही.

चौथ्या रविवारी जेवण झालंच नाही. एका माळावर रस्ता चुकला म्हणून आबा वस्तीवर चौकशीला उतरले आणि वस्तीवरच्या कुत्र्यानं त्यांच्या पोटरीचा घास घेतला. त्या दिवशी जेवला तो कुत्राच. भैरूनं जीप सुसाट सोडली आणि जवळच्या दवाखान्यात नेली. तिथं एक नर्सबाई होत्या, हळव्या स्वभावाच्या. त्यांनी जखम धुतली आणि आबांच्या एका दंडात सुई टोचली. आबा कळवळले.

"वा वा!" भैरू म्हणाला. "काय हात हाय!"

नर्सबाईंना आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या लाजल्या.

"दुसऱ्या दंडालाबी द्यायचं असतंय," त्या म्हणाल्या. "पण आबा लईच घाबरल्यात. जरा दम खाऊ दे त्यांना."

"नको, नको!" आबा म्हणाले. "दुसरं नकोच!"

"अजून वाढा," भैरू म्हणाला.

"भैऱ्या, गप!"

"वाढा, वाढा. हात आखडता घेऊ नका. आबा लांबनं आल्यात."

नर्सबाईंना धीर आला. त्यांनी वाढलं. भैरूनं पुन्हा वा वा केलं आणि अजून काय काय आहे ते विचारलं. बाई म्हणाल्या, आज एवढंच, पण पुढं चार वेळा यावं लागेल. भैरू म्हणाला, "येऊ की. चवच तशी हाय."

आबांना दोन्ही हात वर करता येत नव्हते, म्हणून भैरू वाचला. त्यांनी दात ओठ खात नवा धडा दिला.

"माणूस नको म्हणला की नको! नको म्हणजे तिथंच खेळ खलास! नको हा शब्द कानावर आला, की त्या माणसाला उचलायचं, गाडीत घालायचं आणि थेट घरी आणायचं. मधी कुणाचं ऐकायचं न्हाई. खुद्द त्याचंबी ऐकायचं न्हाई!"

"व्हय आबा."

त्या संध्याकाळी शालन जीपमधून उतरली, पण आत गेली नाही. तिच्या डोळ्यात या वेळी खरंच पाणी होतं. "भैरू," ती म्हणाली, "आता एकच रविवार ऱ्हायला. मग दसरा. मला ट्रॅक्टर नको रं."

नको हा शब्द ऐकताच भैरूनं तिला उचललं, जीपमध्ये ठेवलं, जीप दहा पावलं पुढं नेली आणि थेट तिच्या दारात उतरवलं. शालन डोळे पुसून घरात गेली. तिला वाटलं, प्रेमानं केलं असेल.

शेवटच्या रविवारी नवरात्र चालू होतं. मटणाचा प्रश्न नव्हता. आबांनी आपली सगळी शिकवण गुंडाळून ठेवली, भैरूला फक्त गाडी चालवायला सांगितली आणि स्वतः नाक खिडकीबाहेर काढून बसले. मैलभर गेल्यावर म्हणाले, "डावीकडं." शेताच्या बांधावरून गाडी गेली. "उजवीकडं." गाडी ओढ्यातून गेली. "सरळ." सरळ रस्ताच नव्हता, पण भैरूनं सरळ नेली. शेवटी एका पेरूच्या बागेत कौलारू पडवी दिसली. पाटी नाही, गाड्या नाहीत, पंगत नाही. चुलीपुढं हौसाक्का नावाची बाई बसली होती.

हौसाक्कानं पाहुण्यांकडं बघितलं आणि म्हणाली, "एवढा उशीर? बसा." जसं काही ती कालपासून वाट बघत होती.

मग तिनं वाढलं. भरलेली वांगी, देठासकट. तव्यावरचं पिठलं. भाजलेल्या शेंगदाण्याची चटणी. टम्म फुगलेली जोंधळ्याची भाकरी, वर लोण्याचा गोळा. आबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घास घेतला आणि ताटावर आणखी वाकले. पाचव्या की सहाव्या वांग्याला त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं.

"शालन," आबा भरल्या गळ्यानं म्हणाले, "तुझ्या लग्नात हिलाच सैपाकाला बोलवायची. भैऱ्या, लेका, जमवलंस बघ. मला आता हितनं उठवंना झालंय."

शालननं देवाला हात जोडले. भैरू लाजून भाकरीकडं बघायला लागला.

एवढ्यात हौसाक्का पुन्हा पातेलं घेऊन आली. आता आपल्याकडं जेवायची एक रीत आहे. कितीही हवं असलं तरी दुसऱ्यांदा वाढायला आलं की ताटावर हात आडवा धरायचा आणि नको म्हणायचं. वाढणारीनं ऐकायचं नाही. बोटांच्या फटीतून वाढायचं. मग आपण अरे अरे म्हणायचं आणि सगळं खायचं. आबा रीतभात पाळणारे. हौसाक्कानं वांग्यावर पळी घातली, तसा त्यांनी ताटावर हात धरला.

"नको, नको," आबा म्हणाले.

भैरू ताडकन उठला. त्यानं आबांच्या काखेत हात घातले आणि त्यांना उचललं.

"अरं काय करतोस?"

भैरूनं ऐकलं नाही.

"वांगं! माझं वांगं ऱ्हायलंय!"

भैरूनं ऐकलं नाही. शालन म्हणाली, हौसाक्का म्हणाली, पेरूच्या बागेतला राखणदार म्हणाला. भैरूनं कुणाचंच ऐकलं नाही. त्यानं आबांना जीपमध्ये घातलं आणि थेट रस्ता धरला. शालन कशीबशी मागं चढली. आबा मागं वळून पेरूच्या बागेकडं हात पसरून बघत होते. त्यांच्या उजव्या हाताला अजून मसाला लागला होता. तो त्यांनी ओढा येईपर्यंत पुरवला.

ओढा ओलांडल्यावर आबांना कंठ फुटला.

"अरं खुळ्या! ते नको म्हणजे हवं असतंय! जेवताना माणूस नको म्हणला की वाढायचं असतंय! हात आडवा केला की दुप्पट वाढायचं असतंय! जितक्या मोठ्यानं नको, तितकं जास्त हवं! लहान लेकराला कळतंय रं हे!"

"व्हय आबा," भैरू म्हणाला. त्याला हे नवीन होतं.

"काय डोंबल व्हय? माझ्या पोरीला असला नवरा? मला तुझ्यासारखा जावई नको!" आबांनी हात आडवा केला. "नको!" दुसराही हात आडवा केला. "नको म्हणजे नको म्हणजे नको!"

भैरूनं गाडी बाजूला घेतली. त्याला पुढचं दिसेना, डोळे इतके भरून आले होते. इतक्या मोठ्यानं त्याला आजवर कुणी हवा म्हटलं नव्हतं.

घरी जाऊन त्यानं आईला सांगितलं, "आबांना मी लई हवाय. दोन्ही हातांनी सांगितलं त्यांनी." भैरू कधी खोटं बोलत नाही हे आईला माहीत होतं. तिनं भटजींना विचारलं. भटजी म्हणाले, दसऱ्याला मुहूर्त बघावा लागत नाही, सबंध दिवस चांगला. झालं. भैरूनं मंडपवाल्याला सांगितलं, बँडवाल्याला सांगितलं, पेरूच्या बागेत जाऊन हौसाक्काला सांगितलं. प्रत्येकाला एकच बजावलं, "आबा नको म्हणतील. थांबायचं न्हाई. दुप्पट करायचं."

दसऱ्याच्या सकाळी आबा दार उघडून बाहेर आले तर अंगणात खांब रोवत होते.

"हे काय चाललंय? मंडप नको!" आबा म्हणाले.

मंडपवाल्यानं आणखी एक मंडप रस्त्यापर्यंत टाकला.

"बँड नको!" आबा ओरडले. बँडवाल्यानं दुसरा ढोल मागवला. आबा जितके ओरडत गेले तितकं लग्न मोठं होत गेलं. शेवटी दम लागल्यावर ते ओट्यावर मटकन बसले. शालननं हे सगळं खिडकीतून बघितलं आणि कुणी काही बोलायच्या आत पिवळी साडी नेसून हळद लावून घेतली.

दुपारी निपाणीचे पाहुणे आले. त्यांनी मंडप बघितला, बँड ऐकला, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव बघितला आणि गाडी वळवली. आबा त्यांच्या मागं पळणार होते. पण त्याच वेळी हौसाक्कानं कटाच्या आमटीला फोडणी दिली. आबांचे पाय जागच्या जागी थांबले. हौसाक्कानं त्यांना पाटावर बसवलं, पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं. दुसरी पोळी आणली तेव्हा आबांनी हात आडवा केला. "नको, नको." तिनं दोन वाढल्या. या वेळी त्यांना कुणी उचलून नेलं नाही.

चौथ्या पोळीनंतर आबांचा राग उतरला. शालन जवळ येऊन बसली. "आबा," ती म्हणाली, "मी दुसरीकडं सुखात ऱ्हाणार न्हाई. तेवढं ऐका माझं." आबांनी पोरीच्या तोंडाकडं बघितलं. त्यांना भरून आलं. ते ओट्याचा खांब धरून उभे राहिले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "भैरू! हो! दिली पोरगी तुला! माझं हो हाय! शंभरदा हो!"

मांडवात आनंदीआनंद झाला. बँड वाजायला लागला. भैरूचा चेहरा मात्र उतरला.

"हो?" त्यानं विचारलं.

"हो रं, हो!"

"अगदी हो?"

"अगदी मनापासून हो!"

भैरूनं मुंडावळ्या सोडल्या आणि भटजींच्या हातात दिल्या. आबांच्या पायाला हात लावला. "चुकलं असंल तर माफ करा आबा," तो म्हणाला. मग जीपमध्ये बसला आणि हुंदके देत निघून गेला.

सगळे बघत राहिले. भटजींनी मुंडावळ्या कुणाला द्याव्यात म्हणून इकडंतिकडं बघितलं. आबा म्हणाले, "आता काय झालं ह्याला? हो म्हणलो की मी!" कुणाला काही उमगेना. उमगलं ते एकट्या शालनला. ती लग्नाच्या साडीचा घोळ वर धरून रस्त्यावर धावत सुटली.

"भैरू!" ती जीव खाऊन ओरडली. "येऊ नको! माघारी येऊ नको! मला तू नको! अजिबात नको!"

जीप थांबली. खिडकीतून भैरूचं डोकं बाहेर आलं. एवढ्या लांबूनही त्याचं हसू दिसलं. त्यानं जीप वळवली आणि जी सोडली, ती वडापच्या जन्मात कधी सोडली नव्हती अशी सोडली. शालन बाजूला झाली. कोंबड्या बाजूला झाल्या. बँडवाले ढोल टाकून बाजूला झाले. मंडपाच्या तोंडाशी एकटे आबा राहिले. चार पुरणपोळ्या खाल्लेल्या माणसाला पटकन बाजूला होता येत नाही. त्यांनी दोन्ही हात आडवे केले.

"नको!" आबा बोंबलले. "नको रं! नको! नको! नको!"

भैरूचा ऊर भरून आला. सासऱ्याचा एवढा आग्रह कुणाच्या नशिबात असतो? त्यानं ब्रेकवरचा पाय काढला आणि जीप आतच आणली.

आबा ऐन वेळी हौसाक्काच्या पिठाच्या पोत्यांवर पडले म्हणून वाचले. लग्न वेळेवर लागलं. सगळे म्हणतात, भैरूचं लग्न मांडवाखाली लागलं, आणि ते खरंच आहे, कारण त्या वेळी मांडव सगळ्या वऱ्हाडाच्या अंगावर होता.